मध्ययुगीन फौजा गेममध्ये उतरवताना या चुका टाळा

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात स्ट्रॅटेजी गेम नुसते खेळून न थांबता स्वतःचे सिनॅरिओ (गेममध्ये रचलेले प्रसंग) आणि मॉड (मूळ गेममध्ये केलेले बदल) तयार करणारी मंडळी आता सहज भेटतात. कोणी ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या सिनॅरिओ एडिटरमध्ये देवगिरीचा वेढा मांडतो, कोणी ‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’मध्ये यादवांची फौज घालण्याच्या खटपटीत असतो, तर कोणी शिलाहारांच्या ठाण्याचा नकाशा काढतो. या कामांत मेहनत भरपूर असते, पण ती बहुधा एकाच ठिकाणी खर्ची पडते : शिरस्त्राणाचा आकार, ढालीवरची नक्षी, तलवारीची मूठ. ही मेहनत वाया जाते असे नाही. मात्र अचूक मुठीची तलवार घेतलेला सैनिक वीस-पंचवीस सेकंदांत बराकीतून बाहेर पडतो, वर्षभर काहीही न खाता उभा राहतो, भर आषाढात घाट चढतो आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत राहतो, तेव्हा त्या मुठीच्या अचूकपणाला फारसा अर्थ उरत नाही. फौज ही माणसांची आणि त्याहून अधिक जनावरांची चालती वस्ती असते. तिला रोज दाणा-वैरण लागते, ठरलेले वेतन लागते आणि पावसाळ्यात छावणी लागते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या गोष्टीच्या विस्मरणातून होतात, आणि सुदैवाने त्यांतील बऱ्याच चुका चित्रकला न येणाऱ्यालाही दुरुस्त करता येतात.

वेगवेगळी शतके एकाच फौजेत कोंबणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तिच्यावरचा उपाय सर्वांत सोपा आहे. युरोपच्या इतिहासात मध्ययुग साधारणपणे पंधराव्या शतकाच्या अखेरीस संपते, तर आपल्याकडे शिवकाळही पुष्कळदा मध्ययुगीन म्हणून शिकवला जातो. परिणामी एकाच बाजूला तेराव्या शतकातील यादवांचे स्वार, त्यांच्या हाती दांडपट्टे आणि फिरंगी पात्याच्या तलवारी, आणि डोक्यावर पेशवाईतील पगड्या असा प्रकार होतो. फिरंग ही युरोपीय पात्याची तलवार. पोर्तुगीज १४९८ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा रामदेवराय यादवाच्या सैनिकाच्या कमरेला ती असण्याचे कारण नाही. युरोपच्या बाबतीतही तेच घडते. १०६६ साली हेस्टिंग्जला लढलेला नॉर्मन स्वार कड्यांच्या चिलखतात होता. नखशिखान्त पोलादी पत्र्याचे चिलखत, जे आपण सर्रास ‘मध्ययुगीन’ म्हणून रंगवतो, ते पंधराव्या शतकातील मिलान किंवा न्युरेंबर्गच्या कारागिरांचे काम होय.

मोठ्या कंपन्यांच्या गेममध्येही हा दोष आहे, त्यामुळे तेथील तुकड्या प्रमाण मानून चालू नये. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये २०२२ साली हिंदुस्थानी संस्कृतींची भर पडली, तिचे स्वागतच केले पाहिजे, पण त्यात बंगाल्यांना खास तुकडी म्हणून रथ देण्यात आला. रथ हे आपल्याकडील युद्धातून सातव्या शतकाच्या सुमारास जवळजवळ नाहीसे झाले होते. तो रथ दिसायला देखणा आहे एवढेच त्याचे समर्थन करता येईल.

उपाय असा की सिनॅरिओला आरंभीच एक वर्ष द्यावे, उदाहरणार्थ १२९६, आणि प्रत्येक शस्त्र, वस्त्र, जनावर व इमारत त्या वर्षाच्या आगेमागे पन्नास वर्षांत सापडते का हे तपासावे. न सापडल्यास ती वस्तू काढून टाकावी. तिच्या जागी साधा भालाईत ठेवला तरी चालतो, किंबहुना तोच अधिक बरोबर ठरण्याची शक्यता असते.

आपल्या भागातील कामासाठी यादव-शिलाहार काळाचा एक चांगला पुरावा फार दूर नाही. बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळ आहेत; घोडबंदर रस्त्यावरील वाहतुकीने कृपा केली तर ठाण्याहून एका दुपारीत पाहून होतात. वीरगळाची मांडणी बहुधा ठरलेली असते : तळाच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. एकसरच्या शिळांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांवर जहाजांच्या रांगा कोरलेल्या आहेत आणि त्या जहाजांच्या कडेने वल्ह्यांची ओळ स्पष्ट दिसते. अनेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी जोडतात. त्यात सोमेश्वराचा अंत समुद्रात झाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनावरून दिसते. पेहराव, केसांची बांधणी, ढालीचा आकार यांसाठी हा दगड इंटरनेटवरील कोणत्याही चित्रापेक्षा अधिक भरवशाचा आहे. तरीही वीरगळ हे स्मारक आहे याचे भान ठेवावे. त्यावरील वीर नेहमीच शत्रूपेक्षा मोठा आणि अधिक सजलेला असतो, त्यामुळे सगळी फौज त्याच्यासारखी रंगवू नये.

तलवार हे मुख्य हत्यार मानणे

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मध्ययुगातील बहुसंख्य पायदळाचे हत्यार भाला होते, कारण त्याला लोखंड कमी लागते आणि तो शिकायला सोपा असतो. तलवार ही बहुतेकांसाठी कमरेची दुय्यम सोबत होती. एका हाताच्या युरोपीय तलवारीचे वजन एक ते दीड किलोच्या आसपास असते, आणि पंधराव्या शतकातील पूर्ण चिलखत वीस-पंचवीस किलोंचे असले तरी ते सर्व अंगावर वाटले गेल्यामुळे ते घालून धावता येते आणि घोड्यावर चढता येते. म्हणून चिलखतधारी तुकडी कासवाच्या गतीने चालवणे ही चूक आहे. तिला वेग द्यावा आणि त्याऐवजी ती लवकर दमेल अशी सोय करावी. पेटत्या बाणांचा वर्षाव मैदानी लढाईतून काढून टाकावा, तो वेढ्यापुरता ठेवावा. चामड्यावर खिळे ठोकलेले चिलखत तर चित्रांच्या चुकीच्या वाचनातून जन्मलेले आहे. कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या चिलखताचे बाहेरून दिसणारे रिव्हेट पाहून कोणाचा तरी तसा समज झाला, आणि तो गेममधून गेममध्ये पसरत गेला.

घोडे कोठून आले हे न विचारणे

येथे मात्र थांबले पाहिजे, कारण बहुतेक सिनॅरिओंचे घोडे इथेच पेंड खाते. गेममध्ये तबेला बांधला, थोडे अन्न आणि थोडे सोने दिले की स्वार तयार होतो. दख्खनच्या आणि कोकणच्या इतिहासात घोडा ही आयात करावी लागणारी, महाग आणि सतत मरणारी वस्तू होती. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून जहाजांनी घोडे येत, चौल, दाभोळ, गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरत आणि तेथून बहमनी व विजयनगरच्या फौजांकडे जात. गोवे बंदरावर एवढ्या सत्तांचा डोळा होता, त्यामागे या व्यापाराचा मोठा वाटा होता. १५१० साली पोर्तुगीजांनी ते घेतले तेव्हा घोड्यांच्या या व्यापाराची एक मोठी किल्लीही त्यांच्या हाती गेली.

ठाण्याच्या वाचकांना यातील एक नोंद विशेष रुचेल. तेराव्या शतकाच्या अखेरीची हकिकत सांगताना मार्को पोलो ठाण्याच्या राज्याविषयी लिहितो की तेथील राजाच्या संगनमताने चाचे समुद्रावर लूट करीत, आणि त्यांचा राजाशी करार असा होता की लुटीत मिळालेले सर्व घोडे राजाला द्यावेत, बाकीचा माल चाच्यांनी ठेवावा. कारण राजाजवळ स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांत घोडे पुष्कळ असत. या एका वाक्यात एका चांगल्या सिनॅरिओची सगळी यंत्रणा तयार आहे. ठाण्याच्या बाजूला तबेला देऊच नये. खाडीतून बाहेर पडून व्यापारी जहाज पकडले की ट्रिगरने (अट पूर्ण झाली की ठरलेला परिणाम घडवणाऱ्या आज्ञेने) पाच-सहा स्वार बंदरावर प्रकट व्हावेत, आणि जहाज निसटले तर त्या वर्षी घोडदळ नाही. खेळाडूला घोड्याची किंमत अशी कळते की ती पुढे सांगावी लागत नाही.

दुसरी बाजू संख्येची. एक स्वार म्हणजे एक घोडा हे समीकरण जवळपास कोठेच खरे नव्हते. युरोपातील लढाऊ ख्रिस्ती संन्याशांच्या टेम्पलर पंथाच्या नियमांनुसार प्रत्येक सरदार-बंधूला तीन घोडे आणि एक सेवक मिळत असे. मंगोल स्वार तर प्रत्येकी अनेक घोडे घेऊन निघत. आपल्याकडे सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. त्यापुढे दिलेला तपशील बहुतेक जण वाचताना ओलांडून जातात, पण मॉड करणाऱ्याच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद नेमलेला असे. नाल निसटला की घोडा लंगडतो, आणि लंगड्या घोड्यावरचा बारगीर म्हणजे एक नाराज पायदळ सैनिक. हा काळ सतराव्या शतकाचा असला तरी गरज सर्वकाळची आहे. म्हणून स्वारांच्या प्रत्येक मोठ्या तुकडीबरोबर एक न लढणारी तुकडी ठेवावी आणि ती मारली गेली तर स्वारांचा वेग उतरावा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या आवृत्तीत ‘मॉडिफाय ॲट्रिब्यूट’ या परिणामाने हे करता येते.

रसद आणि ऋतू वगळणे

कामकरी घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो खाद्य लागते. त्यातील निम्मे दाण्याच्या रूपात धरले तर हजार घोड्यांना रोज पाच टन दाणा हवा. पाठीवर सव्वाशे किलो वाहणाऱ्या बैलांचा हिशेब केला तर एका दिवसासाठी चाळीस बैल होतात, आणि दहा दिवसांच्या कूचासाठी चारशे. यात माणसांचे अन्न, तंबू आणि सरंजाम धरलेला नाही. म्हणूनच फौजेच्या मागे बंजाऱ्यांचे तांडे, बाजार, कासार-लोहार आणि बुणगे यांची रांग असे, आणि फौज घोड्याच्या वेगाने न चालता बैलाच्या वेगाने चाले. बाबराने हिंदुस्थानात येताना आपल्या लोकांची जी संख्या दिली आहे ती बारा हजार आहे, आणि तीत चाकर-नोकरही धरलेले आहेत. उलट शत्रूची संख्या तो एक लाख सांगतो. कोणताही जेता शत्रूचे डोके मोजताना हात सैल सोडतो, हे लक्षात घेऊन असे आकडे जसेच्या तसे गेममध्ये उतरवू नयेत.

रसदीचे महत्त्व दाखवायला १२९६ सालच्या देवगिरीइतके बोलके उदाहरण क्वचित मिळेल. अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन अचानक आला तेव्हा यादवांची मुख्य फौज दूर होती. रामदेवराय किल्ल्यात शिरला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती किल्ल्याजवळ पडलेली होती, ती धान्याची समजून घाईघाईने आत नेण्यात आली, आणि वेढा पडल्यावर उघडून पाहिली तर त्यांत मीठ निघाले. फिरिश्ता तीनशे वर्षांनंतर लिहीत आहे, तेव्हा कथेला मीठ-मसाला लागलेला असणे शक्य आहे. परंतु किल्ला तटावर न पडता कोठारात पडला ही त्यातील मुख्य बाब पटण्यासारखी आहे. देवगिरीचे किती तरी सिनॅरिओ मंजनिकांनी (दगडफेकी यंत्रांनी) कड्यावर दगड फेकण्यात संपतात. त्याऐवजी किल्ल्यातील अन्नसाठा हाच किल्ल्याचा खरा प्राण मानावा, आणि मुख्य फौज परत येईपर्यंत तो टिकवणे हे खेळाडूचे काम ठरवावे.

प्रत्यक्ष मांडणीत येणाऱ्या दोन अडचणी येथे सांगतो. अन्न ठरावीक वेळाने कमी करण्यासाठी ‘ट्रिब्यूट’चा परिणाम वापरून ते निसर्गाच्या म्हणजे ‘गाया’च्या खात्यात टाकता येते. असे केल्यावर सगळे अन्न क्षणार्धात शून्यावर गेले, तर ट्रिगर पुनरावृत्तीचा असून त्यात ‘टायमर’ची अट टाकायची राहिली आहे असे समजावे. दुसरे लक्षण असे की उपासमारीसाठी लावलेल्या ‘डॅमेज ऑब्जेक्ट’मुळे घरे आणि तटबंदीही ढासळू लागते. याचा अर्थ परिणाम संपूर्ण क्षेत्राला लागू झाला आहे. तो सैनिकांच्या प्रकारापुरता मर्यादित करावा आणि कोठाराभोवतीचा भाग वगळावा.

ऋतूचा विसर तर आपल्या लोकांना पडूच नये. दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि पावसाळ्यातील छावणी यांच्यामध्ये मोहिमेचे आठ महिने, हा क्रम सह्याद्रीने घालून दिलेला होता. चिखलात तोफा आणि गाडे रुततात, नद्या उतार देत नाहीत, घोड्यांचे खूर कुजतात, धनुष्याच्या दोऱ्या सैल पडतात, आणि शेतकरी असलेला सैनिक पेरणीच्या ओढीने घराकडे पाहू लागतो. ‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’मध्ये मूळ मांडणीनुसार एका पाळीत (टर्नमध्ये) दोन वर्षे सरतात, पण पात्रांचे वय अर्ध्याच वर्षाने वाढते, त्यामुळे फौज एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाईपर्यंत किती पावसाळे गेले याचा हिशेबच लागत नाही. मोहिमेच्या सुरुवातीची मजकूर-फाईल उघडून ‘टाइमस्केल’ची किंमत २ वरून ०.५ केली की वय आणि वर्ष जुळतात. मात्र १०८० ते १५३० हा काळ पार करण्यास मूळ २२५ पाळ्या पुरत होत्या, त्या आता ९०० होतील, म्हणून मोहीम शंभर-दीडशे वर्षांपुरतीच मर्यादित करावी. हे न करता फक्त आकडा बदलणारे मग तक्रार करतात की तोफा कधी येतच नाहीत.

पगाराशिवाय फौज

बऱ्याच गेममध्ये सैनिक एकदा विकत घेतला की कायमचा आपला होतो. प्रत्यक्षात तो दरमहा किंवा दरसाल विकत घ्यावा लागे. शतवार्षिक युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये घोडेस्वार धनुर्धाऱ्याला दिवसाला सहा पेन्स आणि चिलखतधारी स्वाराला बारा पेन्स असा दर रूढ होता. तेवढ्याच पैशांत दुप्पट धनुर्धारी मिळत, ही गोष्ट १४१५ साली अझांकूरला इंग्रजांच्या बाजूला धनुर्धाऱ्यांची प्रचंड बहुसंख्या का होती हे समजायला उपयोगी पडते. दिल्लीत अलाउद्दीनने स्वाराचे वेतन सालाना २३४ टंके ठरवले, घोड्यांना डाग देण्याची आणि सैनिकांची वर्णनपत्रे ठेवण्याची पद्धत लावली, म्हणजे हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे तट्टू आणून दाखवण्याची सोय राहिली नाही. एवढ्या कमी पगारात स्वार जगावा म्हणून त्याने बाजारभावही बांधून टाकले, असे इतिहासकार बरनी सांगतो. दिल्लीची बाजू रंगवणाऱ्याने धान्याचा भाव आणि फौजेचा खर्च एकमेकांना जोडले, तर शेतीवरचा छापा हा लढाई इतकाच परिणामकारक डाव ठरेल.

‘टोटल वॉर’मध्ये प्रत्येक तुकडीचा चालू खर्च बदलता येतो. भरतीची किंमत कमी आणि चालू खर्च जास्त ठेवावा. नवशिके नेमके उलट करतात, आणि मग दहाव्या पाळीत सर्व नकाशा कसलेल्या सरदारांच्या तुकड्यांनी भरून जातो.

शेवटच्या माणसापर्यंत लढणे

लढाईत फौजा सहसा संपत नसत, मोडत असत. आणि बहुतेक माणसे त्यानंतरच्या पाठलागात मारली जात. आपल्याकडे सेनापती हत्तीवर बसलेला असे, तो दुरून सर्वांना दिसे, आणि दिसेनासा झाला की धीर सुटे. १५५६ साली पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण शिरला आणि जिंकत आलेली फौज पांगली. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत रामराय पकडला जाऊन मारला गेला, तेव्हा विजयनगरचेही तेच झाले. हेस्टिंग्जला विल्यम पडल्याची आवई उठली तेव्हा त्याला शिरस्त्राण वर सारून आपला चेहरा दाखवावा लागला.

सिनॅरिओमध्ये यासाठी सेनापतीला ‘डिस्ट्रॉय ऑब्जेक्ट’ची अट लावावी आणि तो पडताच त्याच्या बाजूच्या तुकड्या नकाशाच्या कडेकडे धाडाव्यात. येथे हमखास येणारी तक्रार अशी की पळणारे सैनिक अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. संगणक-खेळाडू त्यांना पुन्हा कामाला लावतो म्हणून हे घडते. पळण्याच्या आधी त्यांची मालकी बदलून ती ज्याला स्वतःची बुद्धी नाही अशा तिसऱ्या खेळाडूकडे द्यावी, म्हणजे ते मुकाट्याने पळतात.

हत्तींबाबतही असेच. हत्तीला न थांबणारा रणगाडा समजू नये. जखमी हत्ती स्वतःच्याच रांगा तुडवतो, त्याला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो, आणि डोंगरी मोहिमेत तो फौजेच्या गळ्यातील धोंड होतो. पन्नास हत्तींची फौज बनवू नये. दोन-तीन द्यावेत, त्यांतील एकावर सेनापती बसवावा.

तलवारीने तट पाडणे

‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये तलवारधारी शिपाई दगडी बुरुजावर वार करीत राहतात आणि काही वेळाने बुरुज कोसळतो. हे पाहून हसू येते, पण खेळाच्या सोयीसाठी ते सहन केले जाते. ऐतिहासिक सिनॅरिओत सहन करू नये : पायदळाचा इमारतींवरील अतिरिक्त आघात शून्य करावा आणि तट पाडण्याचे काम यंत्रांवर सोपवावे. यंत्रे दोन्ही बाजूंना असतात हेही विसरू नये. १३०१च्या रणथंभोरच्या वेढ्यात नुसरत खान हा खिलजींचा सेनानी किल्ल्यातून आलेल्या दगडाने मारला गेला. वेढा बहुधा भूक, फितुरी किंवा वाटाघाट यांनी संपत असल्यामुळे विजयाची एक अट तहाचीही ठेवावी.

खाडीला समुद्र समजणे

ठाण्याचा नकाशा काढणारे जवळजवळ सगळे खाडीला निळ्याशार खोल पाण्याने भरून टाकतात. कळव्याच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली पाहिले तर मधोमध पाण्याची एक अरुंद पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर रुतवणारा करडा गाळ आणि कडेला तिवरांची झाडी दिसते. घोडा त्या गाळात उतरत नाही आणि मोठे जहाज तेथे टेकते. आज भराव आणि पूल यांमुळे खाडीचे रूप बदलले असले, तरी भरती-ओहोटी त्या काळीही होतीच. म्हणून मध्ये जहाजांसाठी अरुंद खोल पट्टा, बाजूला उथळ पाणी आणि कडेला दाट झाडी अशी रचना करावी, व घोडदळाला पार होण्यासाठी एखादा ठरावीक उतार ठेवावा. जहाजेही युरोपीय बांधणीची देऊ नयेत. अरबी समुद्रात फळ्या काथ्याने शिवून बांधलेली जहाजे चालत. तोफांची जहाजे १२६५च्या खाडीत तर मुळीच नकोत.

‘सगळे अचूक केले, पण खेळ रटाळ झाला’

ही तक्रार रास्त असते आणि तिची कारणे सहसा दोन असतात. पहिले, खेळाडूला पोत्यांचा हिशेब करायला लावले जाते. हिशेब ट्रिगरने करावा आणि खेळाडूसमोर फक्त निर्णय ठेवावा : तांडा येईपर्यंत थांबायचे की अर्धपोटी फौज घेऊन घाट चढायचा. सूचनाही मोजक्या असाव्यात. दर मिनिटाला ‘दाणा संपत आला आहे’ असे पडद्यावर येऊ लागले की माणूस गेम बंद करतो.

दुसरे कारण संगणक-खेळाडूचे. रसद, ऋतू, पगार ही बंधने त्याला कळत नाहीत. तो मूळ गेमच्या समजुतीने तुकड्या काढत राहतो, दिवाळखोर होतो आणि पहिल्या चढाईतच गळून पडतो. त्याला वेळोवेळी गुपचूप पैसे व अन्न देणारी स्क्रिप्ट घालावी लागते, मोठे मॉड करणारेही हेच करतात. ही मदत त्याच्या किल्ल्यांच्या संख्येशी जोडावी, म्हणजे किल्ले गेले की मदत आपोआप आटेल. सरसकट दिली तर एका गावापुरता उरलेला शत्रूही न संपणारी फौज काढत राहतो. आणि संगणकाला अशी मदत मिळते हे सिनॅरिओच्या सुरुवातीच्या सूचनांत स्पष्ट लिहावे, कारण वेढा घालून बसलेल्या खेळाडूला समोरच्या किल्ल्यात धान्य कोठून येते हा प्रश्न पडणारच आहे.